डाव्या बाजूचे डॉक्टर

त्या सरकारी रुग्णालयाची हृदयाची इमारत आरशात बघून बांधल्यासारखी उलटी होती, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं आणि त्याचं वाईट कुणालाच वाटत नव्हतं. दोष कंत्राटदाराचा. नकाशा आला तो पातळ ट्रेसिंग कागदावर. नीट दिसावा म्हणून कंत्राटदाराने तो खिडकीच्या काचेला चिकटवला, आणि चिकटवला तो पालथा. मागून उजेड येत होता, रेघा कशा लख्ख दिसत होत्या. अक्षरं तेवढी उलटी होती, पण अक्षरांशी कंत्राटदाराचं शाळेपासूनच फारसं जमलं नव्हतं. इमारत उभी राहिली तेव्हा जिन्याच्या जागी लिफ्ट, लिफ्टच्या जागी जिना, आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप ती कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या नळ्या तारेने मोकळ्या करायची खोली, ती डावीची उजवी होऊन बसली होती. क्ष-किरण अडवणारी शिशाची भिंत आणि तिच्यातली काचेची खिडकी नेमकी नको त्या अंगाला.

यंत्र बसवायला कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने आधी खोली पाहिली, मग माहितीपुस्तक उलटं धरून पाहिलं, मग बाहेर जाऊन पुन्हा आत आला. न जाणो, तेवढ्यात खोली सरळ झाली असली तर. शेवटी त्याने हात टेकले आणि यंत्रच खोलीच्या कलाने बसवलं. साऱ्या जगात डॉक्टर पेशंटच्या उजव्या हाताला उभा राहतो आणि उजव्या मनगटातून तार आत सरकवतो. इथे त्याला डावीकडे उभं राहून डाव्या मनगटातून सरकवणं भाग पडलं.

विभागाच्या प्रमुख बाई त्या दिवशी खोलीच्या मधोमध उभ्या राहून कंत्राटदाराकडे इतका वेळ नुसत्या बघत राहिल्या, की त्याचा शर्ट पाठीला चिकटला. त्याला हाकलून देण्याचीही सोय नव्हती. तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता आणि दोघांना जेवायला एकाच टेबलावर बसायचं होतं.

बाईंनी कंबर कसली. चहा ढवळणं, कुलूप उघडणं, सुईत दोरा ओवणं, सगळं डाव्या हाताने सुरू केलं. भावजय म्हणायची, "वन्सं, भाजी ताटात वाढा, माझ्या मांडीवर नको." पण महिन्याभरात डाव्या हाताला तार वळू लागली, आणि वर्षभरात अशी वळू लागली की लोक सांगत, बाईंची तार हृदयात शिरण्यापूर्वी दारावर टकटक करते. गावाने या गोष्टीचा असा काही अभिमान धरला की माणसं घड्याळ उजव्या मनगटावर बांधू लागली. डावं मनगट बाईंसाठी मोकळं असावं, कधी गरज पडेल सांगता येतं का. घड्याळाचा दुकानदार तर गिऱ्हाईकाचा उजवा हात आधी मागायचा आणि छातीचं काही आहे का, ते मग विचारायचा.

पण बाईंचं या खोलीवर जीव टाकणं सुरू झालं ते वेगळ्याच कारणाने.

आधीच्या जुन्या इमारतीत त्यांच्याकडे साधी सरळ खोली होती, आणि तिच्यात त्यांनी शिकवलेला प्रत्येक डॉक्टर उडाला होता. एक राजधानीत गेला, दुसरी समुद्रापलीकडे, तिसऱ्याने तर शेवटच्या परीक्षेलाच सामान बांधून आणलं होतं. हात धरून शिकवायचं, पहिली चूक आपल्या अंगावर घ्यायची, पहिली नळी उघडली की पेढे वाटल्यासारखा आनंद करायचा, आणि मग दर नव्या वर्षी त्यांच्याकडून शुभेच्छांचं एक चकचकीत कार्ड घ्यायचं. जिल्ह्यात हृदयाचं दुखणं घेऊन येणारी माणसं तशीच, आणि त्यांना सोडवणारी बाई एकटीच.

उलट्या खोलीत शिकून तयार झालेला पहिला डॉक्टरही रिवाजाप्रमाणे राजधानीला गेला. बाईंनी त्याच्या नावाचं कार्ड ठेवायला कपाटात जागाही केली. आणि आठवड्याच्या आत हा पठ्ठ्या हातात सुटकेस घेऊन दारात उभा. मान खाली. तिथे म्हणे टेबलाच्या उजवीकडे उभा राहिला तर हात कुठला पुढे करायचा तेच कळेना, तार भलतीकडे जाई, आणि नर्सने विचारलं की डॉक्टर, तुम्ही पेशंटशी हस्तांदोलन करताय का. त्या दिवसापासून त्याचं नाव सुटकेस पडलं ते कायमचं.

बाईंनी त्याला चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला आणि आत जाऊन दार लावून पोट धरधरून हसल्या. देवाने भावाच्या हातून चूक करवली नव्हती, कुलूप घडवून घेतलं होतं. इथे शिकलेला डॉक्टर जगात दुसरीकडे कुठे चालणारच नाही.

तेव्हापासून बाई त्या खोलीला कुणाला बोट लावू देईनात. शिकाऊ डॉक्टर आला की चहाच्या वेळी त्याचा उजवा हात रुमालाने खुर्चीला बांधायच्या आणि म्हणायच्या, "हा आता पाहुणा. त्याला कामाला लावायचं नाही." सुटकेस जिल्ह्याच्या एका टोकाच्या गावी बसला, दुसरी एक जण दुसऱ्या टोकाला, आणखी काही अधल्यामधल्या ठिकाणी. आपापल्या ठरलेल्या वारी ती सगळी खोलीत येऊन नळ्या उघडून जायची. एकच काय तो निसटला. हात सोनारासारखा नाजूक म्हणून त्याला सोनार म्हणायचे. तो परदेशी गेला, तेव्हा बाईंना त्याची कीव आली. तिथे सर्दीखोकल्याची औषधं लिहीत बसला असेल बिचारा, म्हणून त्या त्याला अधूनमधून धीर देणारे निरोपही पाठवायच्या.

कंत्राटदाराची तर छाती फुगली. लोकांना तो सांगू लागला की नकाशा त्याने मुद्दाम पालथा लावला होता.

असं सगळं छान चाललं असताना सरकारला जाग आली. देशात हृदयाचे डॉक्टर इतके थोडे, की राजधानीच्या वाटेवर गाडीतच माणसं जातात, हे कुणीतरी मंत्र्याच्या कानावर घातलं. मंत्र्याला ते खरं वाटलं, कारण गाडीत गेलेला माणूस त्याचाच व्याही होता. मग वैद्यकीय परिषदेची तपासणी समिती रुग्णालयात आली. तिघं जण, तिघांच्याही हातात सारख्याच फायली. आतापर्यंत बाईंना एका वेळी एकच विद्यार्थी मिळायचा. समिती म्हणाली, वर्षाला सहा देतो. अट एवढीच की खोली नियमाप्रमाणे सरळ हवी, आणि बाईंशिवाय आणखी दोन शिक्षक हवेत.

बाई नाही म्हणाल्या.

रुग्णालयाचे अधिष्ठाते मूळचे त्वचेचे डॉक्टर. माणूस भला, पण अडचणीत सापडला की चष्मा पुसायचा, आणि बाईंच्या विभागात आला की चष्म्याची काच झिजेपर्यंत पुसायचा. समिती गेल्यावर त्यांनी बाईंना समजावलं की एकेक करून डॉक्टर तयार करत बसलो तर या जिल्ह्याला पुरेसे व्हायला आपले पणतू म्हातारे व्हावे लागतील. शिवाय वर्षअखेरीला बाई निवृत्त होणार. त्यांच्यामागे त्या टेबलाशी कोण?

"टिटवी आहे की," बाई म्हणाल्या.

टिटवी म्हणजे त्यांची सध्याची विद्यार्थिनी. शिक्षण संपत आलेलं. आवाज बारीक आणि कडक, काही खटकलं की गप्प बसायचं माहीत नाही, म्हणून नाव टिटवी. हात मात्र असा, की बाईंनासुद्धा तिच्या तारेकडे बघताना आपली तार जाडजूड वाटायची.

"एक टिटवी," अधिष्ठाते म्हणाले. "आणि तिला ताप आला तर?"

"सहा शिकवा, सहा उडतील, हातात पिसं राहतील," बाई म्हणाल्या. "मला एक पुरे, पण घरचा."

हे बोलणं अर्धवटच होतं तोवर कोट आला. कोट म्हणजे राजधानीतल्या बड्या खाजगी हॉस्पिटलचा माणूस. गावोगावचे शिकलेसवरलेले हात हेरून उचलून न्यायचे, हे त्याचं काम. उन्हातही तो कोट घालायचा. त्याने टिटवीला काम करताना काचेतून पाहिलं आणि त्याचे डोळे लकाकले. लपवाछपवी न करता तो सरळ बाईंच्या खोलीत येऊन बसला आणि म्हणाला, ही मुलगी आम्हाला द्या.

दुसरी कुणी असती तर तिने त्याला दाराबाहेर काढलं असतं. बाईंनी बिस्किटं मागवली. इतक्या वर्षांत कुलपाची गंमत कुणाला सांगायला मिळाली नव्हती. त्यांनी त्याला नकाशापासून सुटकेसपर्यंत सगळं रंगवून सांगितलं आणि वर म्हणाल्या, "घेऊन जा की. आठवड्यात परत पाठवाल. जायचं भाडं तुमचं, यायचंही तुमचंच."

टिटवी दाराशी उभी होती. नेहमीसारखी मध्ये बोलली नाही. तिने नुसतं विचारलं, "खरंच जाऊ, बाई?"

"जा पोरी, हौस फिटू दे," बाई म्हणाल्या.

आठवडा झाला. बाईंनी तिचा शिशाचा एप्रन खुंटीवरून हलवू दिला नाही. दुसरा आठवडा उलटला. भाऊ जेवताना म्हणाला, की राजधानीतल्या नर्सा हल्ली सुधारल्या असतील, हसत नसतील. बाईंना तो विनोद पचला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी न राहवून कोटला फोन केला, अगदी सहज, हवापाण्याची चौकशी करावी तसा. कोट म्हणाला, मुलगी म्हणजे हिरा आहे, तुमचे उपकार कसे फेडू. बाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ रिसीव्हरवरचा हात काढला नाही.

भावजयीला एवढं कोडं पडलं नव्हतं. "तुम्हीच शिकवलंत ना तिला, वन्सं?" ती भाकरी परतावी इतक्या सहज म्हणाली. "मग येणारच तिला."

"डावीकडून शिकवलंय मी."

"माझी आई मला चुलीवर शिकवून गेली. मी गॅसवर उपाशी नाही ठेवलं कुणाला."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने बाई राजधानीला निघाल्या. मनात एकच. कोटने त्या पोरीसाठी मुद्दाम एक उलटी खोली बांधून घेतली असणार. पैसेवाल्यांचा काय नेम.

कोटच्या हॉस्पिटलात दारात कारंजं होतं आणि लिफ्ट मजल्यांची नावं स्वतःच्या तोंडाने सांगत होती. बाईंनी तिला एकदा गप्प बस म्हणून सांगून पाहिलं. कॅथलॅबच्या काचेपाशी त्या पोचल्या, तेव्हा आत काम चालू होतं. खोली सरळ होती. शिशाची भिंत जिथे हवी तिथे. आणि टेबलाच्या उजव्या अंगाला, पेशंटच्या उजव्या मनगटाशी, टिटवी उभी होती. डावा हात नळी धरून निश्चल, आणि उजवा, तो रुमालाने बांधून ठेवलेला पाहुणा, दोन बोटांत तार फिरवत होता. पडद्यावर तार वळणावळणाने उतरत गेली, अडथळ्याशी थांबली, जराशी मागे आली आणि पाण्यातून सुळसुळत जावी तशी पलीकडे गेली. बाईंच्या तोंडून "वाहवा" निघालं. मग आपण कशाला वाहवा म्हणालो ते लक्षात आलं.

नंतर दोघी कॅन्टीनमध्ये बसल्या. बाईंनी चहा उजव्या हाताने ढवळावा की डाव्या, याचा विचार केला आणि तो ढवळायचाच राहिला.

"कधी शिकलीस?"

टिटवीने नेहमीच्या बारीक कडक आवाजात सगळं सांगून टाकलं. ती एकटीच नव्हे, सगळीच शिकली होती. सुरुवात सुटकेसने केली. डायलिसिसवाल्या पेशंटांचा डावा हात सुया टोचून टोचून डायलिसिसच्याच कामाचा राहिलेला असतो, त्यातून तार घालायची नसते. बाई अशांना मांडीच्या नसेतून तार घालायच्या, आणि नंतर रक्त थांबवायला शिकाऊ डॉक्टर मांडी दाबून बसायचे. एक म्हातारी तसंच रक्त न थांबून हातची गेली. तेव्हा सुटकेसने ठरवलं की उजवं मनगट आलंच पाहिजे. राजधानीत आठवडाभर जे पाहिलं होतं ते त्याने आठवून आठवून बसवलं, रबरी नळ्यांचा खोटा हात केला, त्यावर सराव केला, आणि मग एकाने दुसऱ्याला शिकवलं. बाई दर गुरुवारी बैठकीला जायच्या. त्या गेल्या की टेबलाच्या रिकाम्या बाजूला ही मंडळी उभी राहायची, आणि टेक्निशियन पलीकडून टेबल हलवायचा.

बाईंचा चेहरा उतरला, कारण त्यांना आणखी एक गोष्ट आठवली होती. डायलिसिसवाल्यांची छाती नेमकी गुरुवारीच का भरून येते, याचं त्यांना फार वर्षांपासून कुतूहल होतं. त्यावर एक शोधनिबंध लिहायला घेतला होता. तीन आलेख तयार होते.

"आम्ही सांगणार होतो," टिटवी म्हणाली. "पण तुम्ही आलेख दाखवलेत आणि धीरच झाला नाही."

"आणि सोनार?"

"तिथे विभागप्रमुख आहे. तुमचे धीराचे निरोप भिंतीला लावलेत त्याने."

बाईंनी कप दूर सारला. म्हणजे सगळ्यांच्या पायात इतकी वर्षं बेडी नव्हतीच, आणि त्या मात्र किल्ली उशाशी घेऊन निजत होत्या. त्यांनी विचारलं, की मग बाकीचे का थांबले? सुटकेस का थांबला, त्याला तर पहिल्यापासून वाट ठाऊक होती.

"मी विचारलं होतं त्यांना," टिटवी म्हणाली. "म्हणाले, राजधानीत मी टेबल सोडलं तर घ्यायला मागे रांग उभी होती. इथे मागे वळून पाहिलं, तर भिंत."

शेजारच्या टेबलावर कुणी लिफ्टची नक्कल करत होतं.

"चल मग," बाई म्हणाल्या. "तुझा एप्रन खुंटीवर आहे."

टिटवी हलली नाही. ती म्हणाली, येईन, पण खोली सरळ करा. समितीच्या जागा घ्या. तिथे टेबलाशी ती उभी राहील ती स्वतःच्या पायांनी, कुणी दाराला कडी घातली म्हणून नव्हे. आणि जन्मभराचा शब्दही तिच्याकडे मागायचा नाही. चार वर्षं राहील, दहा राहील, तिचं तिला ठरवू द्यायचं.

"आणि गेलीस म्हणजे?"

"तेव्हा माझ्यामागे रांग असली पाहिजे, बाई. ती लावणं तुमचं काम. एकेक विद्यार्थी रुमालाने बांधून रांग होत नाही."

इतक्या वर्षांत बाईंना असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. त्या उठल्या, पर्स उचलली, आणि निरोपही न घेता चालू लागल्या. कोट वाटेत हात जोडून आडवा आला, तर त्याला म्हणाल्या, उन्हात कोट घालणाऱ्या माणसाने डॉक्टरांपासून लांब राहावं, एखादा तपासून बघेल.

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि रागाने बाहेरची झाडं मागे टाकत राहिल्या. आधी टिटवीचा राग, मग सुटकेसचा, मग आलेखांचा. मांडी दाबून बसलेले शिकाऊ डॉक्टर डोळ्यांपुढे आले. ती म्हातारीही आली. तिच्यावर बाई त्या वेळी, नशीब, एवढंच बोलल्या होत्या. तिथे मात्र त्यांचा राग थांबला. डॉक्टर हातचे जाऊ नयेत म्हणून घातलेल्या कुलपाने पेशंट आत अडकला होता, आणि ते कुलूप ज्यांच्यासाठी लावलं त्यांनीच मागून भिंत पोखरून त्याला बाहेर काढलं होतं. गाव जवळ आलं, तेव्हा बाईंचा राग होता तेवढाच होता, फक्त त्याचं तोंड दुसरीकडे वळलं होतं.

घरी पोचताच त्यांनी भावाला हाक मारली आणि घण आण म्हणाल्या.

कशाला, ते कळल्यावर भाऊ मटकन खाली बसला. "ताई, आयुष्यात माझ्या एकाच कामाचं कौतुक झालं," तो म्हणाला. "तेच पाडायचं?"

"तूच पाडायचं. दुसरा कुणी पाडेल तर नको ते पाडेल."

त्याने नाक पुसलं आणि माणसं बोलावली. या वेळी नकाशा खिडकीला लावण्यापूर्वी त्याने तो बायकोला, शेजाऱ्याला आणि दूधवाल्याला दाखवून खात्री करून घेतली. अधिष्ठात्यांनी परवानगीचा विषय काढला, तेव्हा भिंतीला पहिलं भगदाड पडून गेलं होतं, म्हणून त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. खोली बंद होती त्या काळात सुटकेस आणि बाकीच्यांनी आपापल्या गावी गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनांवर किल्ला लढवला. गावातले लोक हवालदिल झाले. आता घड्याळ कुठल्या हातावर बांधायचं, यावर दुकानदारासमोर दोन तट पडले, आणि शेवटी बऱ्याच जणांनी घड्याळ खिशात ठेवायला सुरुवात केली.

समिती पुन्हा आली त्या सकाळी खोली सरळ उभी होती. रंगाचा वास यायचा होता तेवढा येत होता. टिटवी आदल्या दिवशीच आली होती आणि आल्या आल्या खुंटीची जागा चुकली म्हणून कंत्राटदाराशी भांडली होती. बाईंच्या मागे सुटकेस आणि जिल्हाभरातून आलेले बाकीचे, सगळे ओळीने.

समितीच्या प्रमुखांनी भिंत ठोकून पाहिली, समाधानाने मान हलवली आणि शिक्षक कुठे आहेत, असं विचारलं. बाईंनी मागे बोट दाखवलं. प्रमुखांनी फाईल चाळली. यांच्यापैकी कुणालाही शिकवण्याचा अनुभव नाही, असं त्यात दिसत होतं.

"मी जे शिकवायचं नाही म्हणून ठरवलं होतं, ते यांनी एकमेकांना शिकवलं," बाई म्हणाल्या. "माझ्या पाठीमागे, वर्षानुवर्षं, एकाही पेशंटला धक्का न लावता. याहून मोठा अनुभव तुमच्या राजधानीत कुणाकडे असेल, तर त्याला पाठवा. आम्ही त्याच्याकडून शिकू."

दुसरा सदस्य हसला आणि त्याने खोकल्याचं निमित्त केलं. प्रमुख मात्र कसलेला माणूस होता. त्याने खरा प्रश्न आता काढला. सरकार खर्च करणार, सहा जागा देणार. शिकलेले डॉक्टर इथे राहतील, याची हमी कोण देणार? मागे बाईंनीच ती चिंता अधिष्ठात्यांपाशी बोलून दाखवली होती, आणि त्यांच्याकडून ती त्याच्या फायलीत पोचली होती.

अधिष्ठात्यांचा हात खिशातल्या चष्म्याकडे गेला. बाईंनी मागे वळून टिटवीकडे पाहिलं नाही.

"हमी नाही," त्या म्हणाल्या. "निम्मे जातील. अडवणार नाही मी कुणाला, अडवून पाहिलंय. जातील तिथेही छाती असलेलीच माणसं राहतात. आणि निम्मे जाणार म्हणूनच सहा पुरत नाहीत. बारा द्या."

नियमात बारा बसत नाहीत, प्रमुख म्हणाले.

"मग सहा लिहा. मी बाराच शिकवणार. सहा तुमच्या कागदावर आणि सहा तुमच्या नाकासमोर. पदवी नाकारायची तर नाकारा. नळी उघडलेला पेशंट पदवी बघायला मागत नाही."

अधिष्ठाते हळूच कानाशी लागले, की बाई, वर्षअखेरीला तुमची निवृत्ती आहे. बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की सरकारने प्रमुखाची खुर्ची खुशाल न्यावी, ती तशीही कुरकुरते. टेबलाशी उभं राहायला खुर्ची लागत नाही.

तेवढ्यात वॉर्डबॉयने दार ढकललं. खरोखरचा पेशंट होता, छाती दाबून धरलेला, आणि वाटेत फायली घेतलेले तिघं उभे होते. बाईंनी समितीला बाजूला व्हायला सांगितलं. मग एप्रन चढवला, सवयीने टेबलाच्या डाव्या अंगाला गेल्या, आणि थबकल्या. तिथे आता भिंत होती. त्या वळसा घालून उजवीकडे आल्या आणि पेशंटच्या उजव्या मनगटाकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत आपला हा हात किती पाहुणा झालाय, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

खोलीतल्या सगळ्यांनाच ते कळलं. समितीच्या प्रमुखांनी पेन काढलं.

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तेरावी मी," त्या म्हणाल्या. "लिहायचं असेल तर हेही लिहा."

टिटवीने हातमोजे चढवले आणि त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. "बाई, डावा हात स्थिर," ती कडक आवाजात म्हणाली. "तार उजव्यात. आणि श्वास घ्या."

बाईंनी श्वास घेतला आणि तार हातात घेतली.